टाक्यावरचा पांढरा मणी

दिवाळीच्या सुट्टीत धाकटी बहीण मुलाला घेऊन माहेरी, कोल्हारला आली होती. पहिल्या आंघोळीचं पाणी बंबात तापलेलं. आईनं नातवाला पाटावर उभं करून उटणं लावलं आणि पाणी ओतता ओतता तिचा हात थांबला. "हे काय गं, तांदळाच्या दाण्यासारखं?" पोर तीन वर्षांचं. दीड वर्षाचा असताना त्याची हायपोस्पॅडियसची शस्त्रक्रिया झालेली. लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या अंगाला होतं, ते सर्जननी टोकापर्यंत आणलं होतं. जखम चांगली भरली, धार सरळ पडायला लागली आणि घरातले सगळे तो विषय विसरूनही गेले. आता त्याच टाक्यांच्या रेषेवर कातडीखाली एक पांढरा, गोल मणी दिसत होता.

ओळखीच्या एकानं "साधी पुळी आहे, दाबली की जाईल" असं म्हणत तो मणी दोन बोटांत धरून दाबला. पोर किंचाळलं. रात्री जागा लाल झाली, दुसऱ्या दिवशी सुजली, तिसऱ्या दिवशी ताप. जे काम सवडीनं, ठरवून, एका सकाळीत झालं असतं, ते आधी अँटिबायोटिक, मग सूज उतरायची वाट, मग शस्त्रक्रिया असं चार महिने लांबलं. त्या चार महिन्यांत बहिणीची झोप उडाली होती, ते मी पाहिलं आहे. आम्हाला त्या दिवशी कुणी नीट सांगायला हवं होतं, ते इथे क्रमानं लिहितो. हायपोस्पॅडियस काही फार दुर्मीळ नाही. साधारण दर २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात तो असतो. म्हणजे आपल्या पंचक्रोशीत अशी घरं आहेतच, फक्त बोलत कुणी नाही.

आधी ही गाठ काय असते ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटेल.

आपल्या कातडीचा अगदी वरचा थर रोज झिजत असतो. आंघोळीला अंग चोळलं की मळ म्हणून जो निघतो, त्यात या झिजलेल्या पेशीच जास्त असतात. आता समजा शस्त्रक्रियेत या वरच्या थराचा राईएवढा कण आत, कातडीखाली राहिला. तो मरत नाही. तो आतच वाढतो आणि आतच झिजतो. बाहेर पडायला वाट नसल्यानं झिजलेला भाग साठत जातो, त्याभोवती पातळ पिशवी तयार होते आणि महिन्यांनी, कधी कधी वर्षांनी, बाहेरून पांढरट पिवळसर मणी दिसायला लागतो. आत पू नसतो, केरॅटिन असतं. नखं आणि केस ज्याचे बनतात तेच, पण मऊ, घट्ट चक्क्यासारखं. डॉक्टर याला एपिडर्मल सिस्ट किंवा इन्क्लूजन सिस्ट म्हणतात.

हायपोस्पॅडियसच्या शस्त्रक्रियेत तो कण आत राहायला जागा जास्त असते. नवीन मूत्रनळी तयार केल्यावर तिच्यावर थेट कातडी शिवत नाहीत, मध्ये ऊतींचं एक अस्तर घालतात. हे अस्तर बहुतेक वेळा पुढच्या कातडीखालच्या थरातून घेतात. ते वरच्या कातडीपासून सोडवताना किंवा त्यावरचा थर खरवडताना एक कण सुटून गेला तरी पुरे. शिवाय सुई कातडीतून आत शिरताना सोबत दोन-चार पेशी घेऊन जाऊ शकते. शिवताना कातडीची कड आत दुमडली तरी तेच होतं. सुंता केलेल्या मुलात गोलाकार टाक्यांवर, आणि अंड खाली आणण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जांघेतल्या किंवा अंडकोषावरच्या छेदावरही अशी गाठ येऊ शकते.

पुरलेली कातडी वाढते, हे सर्जन लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डेनिस ब्राउन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हायपोस्पॅडियससाठी एक पद्धत मांडली. तिच्यात कातडीची एक पट्टी मुद्दाम आत पुरायची, ती पसरत जाऊन स्वतःच नळी बनते. ज्या गुणावर एक अख्खी शस्त्रक्रिया उभी राहिली, त्याच गुणामुळे नको त्या जागी राहिलेल्या कणाची गाठ होते. हे कळल्यावर माझ्या बहिणीच्या मनातली एक मोठी बोच गेली. तोवर ती "माझ्याकडून स्वच्छता कमी पडली का" हेच घोकत होती. आईच्या न्हाऊ घालण्याशी, आहाराशी, कुणाच्या नजरेशी याचा काही संबंध नाही. सर्जनचा हलगर्जीपणा झाला असंही यावरून धरून चालू नका. चांगल्या हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही ही गाठ येते.

आता कृती.

१. हात आवरा

पहिली पायरी म्हणजे काही न करणं, आणि घरात तीच सगळ्यांत अवघड जाते. दाबू नका. सुई गॅसवर तापवून टोचू नका. आपल्याकडे गळवाला भाजलेला कांदा बांधतात, कणकेचं गरम पोटीस लावतात, काळं मलम थापतात. यातलं काहीही इथे चालत नाही. या जागेची कातडी फार पातळ आहे आणि तिच्याखाली दोन-तीन मिलिमीटरवर नवीन बनवलेली मूत्रनळी आहे. दाबल्यावर पिशवी बाहेर फुटण्याऐवजी आत फुटते, केरॅटिन आजूबाजूच्या मांसात पसरतं, शरीर त्याला परकं समजून सूज आणतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं. चुना, हळद, तुरटी, टूथपेस्ट नको. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावणं तर मुळीच नको, तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं आणि ते कातडी आणखी पातळ करतं. पोरालाही सांगा, "तिथे नख लावायचं नाही, मामा डॉक्टरांना दाखवणार आहे."

घरातल्या वडीलधाऱ्यांना थोपवणं हाही याच पायरीचा भाग आहे. मी आईला म्हणालो, "आई, टाके घातलेली जागा आहे, ज्यानं शिवलं त्यालाच उसवू दे." तिला ते लगेच पटलं, कारण तिनं आयुष्यभर शिवणकाम केलं आहे.

२. उजेडात एकदा नीट बघा

आंघोळीनंतर अंग कोरडं करून, सकाळच्या उन्हात किंवा खिडकीशी. आपले हात साबणानं धुतलेले, नखं कापलेली. पोराला आधी सांगायचं, "मी फक्त बघणार आहे, दुखवणार नाही," आणि खरोखरच दुखवायचं नाही. एकदा फसवलं की पुढे डॉक्टरांनाही ते हात लावू देत नाही.

गाठ नक्की कुठे आहे? टाक्यांच्या रेषेवर, की रेषेपासून दूर? रंग पांढरा-पिवळसर, की लाल-जांभळा? तिच्यावर बारीक काळा ठिपका आहे का? शेजारच्या कातडीवर बोट अगदी अलगद ठेवून पाहिलं तर मणी कातडीखाली थोडा सरकतो का? पोर शांत आहे की हात नेताच अंग चोरतं? केरॅटिनची गाठ साधारणपणे गोल, घट्ट आणि थोडी हलणारी असते, आणि दुखत नाही. लाल, गरम आणि ठणकणारी असेल तर तिला संसर्ग झाला आहे किंवा ती मुळात टाक्याभोवतीचं गळू आहे.

इथे दोन गोष्टींची गल्लत फार होते. ज्या मुलाची कधीच शस्त्रक्रिया झालेली नाही, त्याच्या पुढच्या न उघडणाऱ्या कातडीखाली पांढरे मोत्यासारखे दाणे दिसतात. ती गाठ नव्हे, साठलेला मळ असतो. कातडी हळूहळू सुटत जाते तसा तो आपोआप बाहेर येतो, त्यासाठी कातडी ओढायची नाही. दुसरं, जन्मापासूनच लिंगाच्या खालच्या मध्यरेषेवर किंवा अंडकोषाच्या शिवणीवर एखादी गाठ असू शकते. तिचा शस्त्रक्रियेशी संबंध नाही, पण ती एकदा दाखवून घ्यावी.

३. शू करताना बघा

ही पायरी सगळे गाळतात, आणि डॉक्टरांच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची माहिती इथेच मिळते. कारण खरा प्रश्न गाठीपेक्षा मोठा आहे. तिचा नळीशी संबंध आहे की नाही, हे कळायला हवं.

पोराला पाणी किंवा सरबत पाजा, अर्धा-पाऊण तास थांबा. न्हाणीघरात किंवा अंगणातल्या मोरीवर, भरपूर उजेडात त्याला उभं करा. तुम्ही बाजूला पाटावर बसा, म्हणजे तुमची नजर धारेच्या पातळीवर येईल. उभ्यानं वरून पाहिलं तर खालची बाजू दिसतच नाही, आणि हायपोस्पॅडियसमध्ये सगळा मामला खालच्या बाजूचा.

धार कुठून निघते ते बघा. टोकातून एकच धार आली तर उत्तम. खालून दुसरी बारीक धार किंवा थेंब पडत असतील तर तो फिस्टुला, म्हणजे नळीला पडलेलं जादा भोक. शंका असेल तर पांढऱ्या कोरड्या टिश्यू पेपरचा तुकडा अंगाला न लावता गाठीच्या खाली धरा. कागदावर ओला ठिपका उमटला की कळतं.

मग गाठीकडे बघा. शू करताना ती फुग्यासारखी फुगते आणि संपल्यावर बसते का? शू झाल्यावर चड्डीत बराच वेळ थेंब थेंब गळत राहतं का? तसं असेल तर ती केरॅटिनची गाठ नसून नळीलाच आलेला फुगवटा असू शकतो, त्याचा इलाज वेगळा आहे. केरॅटिनची गाठ शूच्या आधी, दरम्यान आणि नंतर तेवढीच राहते. आणि धार कशी आहे? बारीक, जोर लावून, कुंथून येते का? पूर्वी भिंतीपर्यंत जायची आणि आता पायाशीच पडते का? नळी किंवा तिचं तोंड अरुंद होत असेल तर हे दिसतं.

एकदा बघून भागत नाही. दोन-तीन वेळा बघा. दुसऱ्या वेळी पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, त्यात चेहरा येऊ देऊ नका. दवाखान्यात अनोळखी माणसांपुढे मूल शू करत नाही. बाहेर तासभर बसूनही करत नाही. तो व्हिडिओ पाहून सर्जन बहिणीला म्हणाले, "ताई, माझं निम्मं काम तुम्ही घरीच केलंत."

४. मोजा, लिहा, फोटो जपा

तांदूळ, मसूर, हरभरा या मापांनी बोलायला सोपं जातं, पण दोन माणसांचा हरभरा एक नसतो. शाळेची पट्टी शेजारी धरून, अंगाला न टेकवता, फोटो काढा आणि मिलिमीटरमध्ये लिहा. तारीख टाका. दर १५ दिवसांनी तोच फोटो, त्याच अंतरावरून. गाठ वाढते आहे की तेवढीच आहे, हे आठवणीवर सोडू नका, काळजीत असलेल्या आईला ती रोज वाढलेली दिसते.

आणि हे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आत्या, काकू, मावशी सगळ्यांना काळजी आहे हे मान्य, पण हे आपल्या लेकराचं खासगी अंग आहे. फोटो एकाच फोनमध्ये ठेवा, फक्त डॉक्टरांना दाखवा, काम झालं की पुसून टाका.

५. कागद शोधा

जुन्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड आणि शक्य असेल तर ऑपरेशन नोटची प्रत. कोणत्या पद्धतीनं नळी बनवली, अस्तर कुठलं घातलं, धागा कोणता वापरला, हे त्या नोटमध्ये असतं आणि दुसऱ्या वेळी शस्त्र लावणाऱ्याला तेच लागतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची असतात, आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. आता गणित करा. दीड वर्षाच्या पोराची शस्त्रक्रिया, आणि गाठ दिसते कधी कधी सहाव्या-सातव्या वर्षी. तोवर तिकडचे कागद असतील याची खात्री नाही. म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी आजच अर्ज देऊन प्रत घ्यावी. गाठ येवो न येवो. प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून, रेशनकार्ड ठेवता त्याच कपाटात ठेवा.

६. कुणाला दाखवायचं

ज्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली, त्यांना. ते दूर असतील तर लहान मुलांच्या सर्जनला, म्हणजे पीडियाट्रिक सर्जन किंवा मुलांचे मूत्ररोग शल्यचिकित्सक. त्वचेच्या डॉक्टरांकडे किंवा गावातल्या दवाखान्यात "भूल न देता पाच मिनिटांत काढतो" असं कुणी म्हणालं तरी इथे नको म्हणा. मोठ्या माणसाच्या पाठीवरची अशीच गाठ तसं काढणं ठीक आहे. इथे तिच्या तळाशी नळी आहे, तिला धक्का लागला तर गाठ जाईल आणि फिस्टुला येईल.

आपल्या भागाला या बाबतीत आधार आहे. प्रवरेचा पूल आणि नगर-मनमाड रस्ता असलेल्या कोल्हारहून लोणी सात-आठ किलोमीटर. तिथे प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे आणि १९८४ पासूनचं रूरल मेडिकल कॉलेज आहे. शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याभोवती उभा राहिलेला हा परिसर. खेड्यातल्या माणसाला उपचारांसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागू नये, हा त्यामागचा विचार. जाण्याआधी फोन करून मुलांचे सर्जन कोणत्या दिवशी ओपीडीला असतात ते विचारा, नाहीतर पोराला घेऊन सबंध दिवस बाकावर जातो. गुंतागुंतीची केस असेल तर पुढे पुण्याचं ससून, मुंबईत परळचं वाडिया मुलांचं रुग्णालय, हे १९२९ पासूनचं.

खर्चाचं आधीच विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार दाखवून, हे काम योजनेत बसतं का, हे त्याच्याकडून दाखल होण्याआधी लेखी समजून घ्या. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं पथक हाही एक रस्ता आहे. हे पथक ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाली. पण ती तपासणी पोराच्या अंगात कपडे असताना होते. चड्डीच्या आतली गाठ पथकाला स्वप्नात दिसणार नाही. आईनं बाजूला घेऊन डॉक्टरांना सांगायला हवं.

मधेच थांबून सांगतो, पुढचं काही झालं तर वरच्या पायऱ्या सोडा आणि थेट निघा. सहा-आठ तास शू झाली नाही आणि पोट टणक होऊन पोर रडतं आहे. ताप आहे आणि जागा लाल, गरम होऊन लाली अंडकोषाकडे किंवा ओटीपोटाकडे सरकते आहे. टोक निळसर-काळं पडतं आहे. रक्त दहा मिनिटं स्वच्छ कापड हलक्या हातानं धरूनही थांबत नाही. अंड किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर जांघेत अचानक टणक, दुखरा फुगा आला आणि उलट्या सुरू झाल्या. अशा वेळी १०८ ला फोन करा, रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

७. डॉक्टरांसमोर

सर्जन बोटानं चाचपतील, कधी सोनोग्राफी सांगतील. गाठ लहान असेल, दुखत नसेल, वाढत नसेल, तर "सध्या राहू द्या, बघू" असं उत्तर मिळू शकतं. ते टाळाटाळ म्हणून घेऊ नका. पहिल्या शस्त्रक्रियेला सहा महिने झाले नसतील तर बहुतेक सर्जन थांबायलाच सांगतात, कारण व्रण मऊ झाल्याशिवाय पुन्हा हात घालणं बरं नसतं. संसर्ग झालेला असेल तर आधी तो शमवतात, गरज पडली तर पू काढतात, आणि सूज पूर्ण उतरल्यावरच गाठ काढतात. सुजलेल्या मांसात पिशवीची कड दिसत नाही.

हे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या, समोर बसल्यावर सगळं विसरायला होतं. गाठ नळीला चिकटलेली आहे का? काढताना नळीत कॅथेटर घालून ती शाबूत आहे हे तपासणार का? पिशवी अख्खी निघेल ना? काढलेली गाठ तपासणीला लॅबमध्ये पाठवणार ना? नंतर कॅथेटर ठेवावं लागेल का, किती दिवस?

पिशवीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आतला पांढरा ऐवज नुसता काढून टाकला आणि पिशवीचा तुकडा राहिला, तर तो तुकडा पुन्हा झिजायला लागतो आणि गाठ परत येते. मला सर्जननी काढलेली गाठ गॉजवर ठेवून दाखवली. भिजलेल्या साबुदाण्याएवढी, तशीच चकचकीत, कुठेही न फुटलेली. एवढ्याशा दाण्यानं घरादाराला चार महिने धारेवर धरलं होतं.

मूल लहान असेल तर हे काम पूर्ण भूल देऊनच होतं. भुलीआधी पोट रिकामं लागतं. सर्वसाधारण नियम असा, की जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील ते वेळापत्रक पाळा. आजी मायेनं बिस्किटाचा तुकडा तोंडात घालते आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, किंवा त्याहून वाईट, कुणी सांगतच नाही आणि भुलीत उलटी श्वासात जाते. घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल.

एक गोष्ट सुंता करणाऱ्या घरांसाठी, आणि ज्यांना कातडी आवळली म्हणून तोच सल्ला मिळतो त्यांच्यासाठीही. बाळाचं छिद्र टोकाला नसेल, किंवा पुढची कातडी फक्त वरच्या बाजूला टोपीसारखी असेल, तर सुंता थांबवा आणि आधी मुलांच्या सर्जनला दाखवा. ती कातडी दुरुस्तीसाठी लागते. एकदा कापून टाकली की परत आणता येत नाही.

८. घरी आल्यावर

गाठ काढून बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. दोन-तीन दिवस थोडी सूज, चड्डीवर नाण्याएवढा रक्ताचा डाग, टाक्यांवर पिवळसर खपली, हे सगळं चालतं. खपली काढू नका. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळतात. वेदनेचं औषध पहिले दोन दिवस सांगितलेल्या वेळेला द्या, पोर रडेपर्यंत थांबू नका. पहिल्या दिवशी शू करताना आग होते आणि पोर शू दाबून धरतं. डॉक्टरांनी अंघोळीची परवानगी दिली असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसवून तिथेच शू करू द्या. पाणी भरपूर पाजा. मलावरोध होऊ देऊ नका, कुंथण्यानं टाक्यांवर ताण येतो.

आपल्याकडे पोराला कडेवर घेतात, दोन पाय दोन्हीकडे टाकून. नेमकी तीच जागा आईच्या कमरेवर घासते. दोन आठवडे त्याला दोन्ही हातांवर आडवं किंवा पाठमोरं घ्या. घोडा-घोडा बंद, तीनचाकी बंद, मोटारसायकलच्या टाकीवर बसवणं बंद. आमच्याकडे हे सगळ्यांत जड गेलं, कारण मामाच्या गाडीच्या टाकीवर बसून पेरूच्या बागेत जायचं, यासाठीच तो कोल्हारला येतो. चड्डी सैल, सुती, इलास्टिक न काचणारी. घरात असेल तर नुसता सदराही पुरे.

एका आठवड्यानं दाखवा. मग तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी तिसरी पायरी पुन्हा करा, पाटावर बसून, खालून. लॅबचा रिपोर्ट आला की तारीख टाकून फाइलीत लावा.

मुलगा शाळेत जायला लागला की स्वतः आंघोळ करतो आणि मग आई-आजीच्या नजरेला काही पडत नाही. त्या वयाच्या पोराला कुणीतरी, शक्यतो बापानं किंवा मामानं, एकट्यात विचारावं, "शू नीट होते ना? कुठे गाठ, दुखणं?" विचारताना आवाज ताप विचारतानासारखा साधा ठेवावा. वयात येताना, बारा-तेराच्या सुमारास, एकदा सर्जनला पुन्हा दाखवावं, कारण त्या वर्षांत अंग झपाट्यानं वाढतं आणि जुने व्रण ताणले जातात. त्या भेटीला जाताना फाइल त्याच्या हातात द्या आणि लहानपणी काय झालं होतं, ते त्याला पहिल्यांदा नीट सांगा.